फॅटी लिव्हर: हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, मिल्क थिसल, गुळवेल... यातलं नक्की काय द्यायचं?

मुग्धा_नाशिक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. मिस्टरांच्या कंपनीतल्या हेल्थ चेकअपमधे सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर निघालं. वय ४२, वजन ७८ किलो, उंची पाच फूट सहा, हातपाय बारीक आणि पोट पुढे असा प्रकार. एसजीपीटी ६२, एसजीओटी ३८ (ही दोन लिव्हरची एन्झाइम्स), प्लेटलेट २ लाख ४० हजार, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९. दारू नाही, घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे जो तो विचारतो की न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरला काय धाड भरली. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, गोड बंद, सहा महिन्यांनी परत दाखवा. गोळी एकही लिहून दिली नाही आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला, कारण डॉक्टरांनी काही दिलं नाही म्हणजे आता आपणच काहीतरी द्यायला पाहिजे असं घरातल्या प्रत्येकाला वाटायला लागलंय.

धाकटे दीर न्यू जर्सीला असतात, त्यांनी येणाऱ्या कुणाबरोबर तरी हळदीच्या कॅप्सूल (काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या), ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट आणि मिल्क थिसल (एका काटेरी झाडाच्या बियांचा अर्क) असं पार्सल पाठवलंय. सासूबाई कोविडपासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतातच. नणंदेचं म्हणणं भुईआवळा. यूट्यूब उघडलं की कोणी रेस्वेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीतला घटक) सांगतंय, कोणी बर्बेरिन.

झाडपाल्यातल्या या घटकांनी लिव्हरवरची चरबी खरंच कमी होते का? आणि सगळं एकत्र दिलं तर चालतं का? अजून एक, मुलगा १२ वर्षांचा आहे आणि अंगानं भरलेला आहे, त्याला पुढे हे होऊ नये म्हणून आत्तापासून काय करायचं?

बिनसाखरेचा

ताई, पार्सल तसंच कपाटात ठेवा आणि आधी हे सांगा की साहेब दिवसातून चहा किती वेळा घेतात आणि साखर किती. ऑफिसात चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर तिथेच झाली, त्यातली निम्मी फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोजचा बहुतेक निकाल लिव्हरमधेच लागतो, जास्तीचं झालं की तिथेच त्याची चरबी बनते. तेलतूप न खाणाऱ्या माणसालाही फॅटी लिव्हर होतं ते असं. गूळ घेतो म्हणून सुटका नाही बरं का, गुळातही मुख्यत्वे तीच साखर.

मलाही हेच निघालं होतं. मी साखर सोडली, रात्रीचा भात निम्मा केला, संध्याकाळी भरभर चालायला लागलो. कॅप्सूल एकही नाही. पुढच्या सोनोग्राफीत नॉर्मल.

फार्मसीवाला_अण्णा

बिनसाखरेचा यांनी मुद्द्याला हात घातलाय पण प्रश्न कॅप्सूलचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. औषधनिर्माण शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार तुमच्या डॉक्टरांचेच.

आधी थोडी धीराची गोष्ट. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून फिब-४ (लिव्हर कडक होतंय का याचा अंदाज देणारा आकडा) काढता येतो, वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं. तुमच्या मिस्टरांचा ०.८४ च्या आसपास येतो. १.३ च्या खाली असला की लिव्हर कडक व्हायला लागण्याची शक्यता कमी धरतात. डॉक्टरांनी गोळी दिली नाही ती दुर्लक्ष म्हणून नाही, या टप्प्यावर द्यायला वजन उतरवण्याइतकी चांगली गोळी नाही म्हणून. क्यूबातला एक अभ्यास आहे २०१५ चा, २९३ माणसं, वर्षभर फक्त आहार आणि व्यायाम, आधी आणि नंतर लिव्हरची बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी). ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांची लिव्हरची सूज गेली. आणि नुसती चरबी उतरायला तर ५ टक्केही पुष्कळ होतात, म्हणजे तुमच्याकडे चारेक किलो. आपल्या लोकांना बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरायचं असतं, यांचा २७ च्या पुढे जातोय, त्यामुळे "हातपाय बारीक आहेत" या समाधानात राहू नका.

आता पार्सल.

हळद. करक्युमिनचे छोटे छोटे बरेच अभ्यास झालेत, काहींत एसजीपीटी थोडा उतरलेला दिसतो, पण ते डोस ५०० ते १५०० मिलिग्रॅमचे. हळदीत करक्युमिन असतं जेमतेम ३ टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत १०० मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि त्यातलंही आतडं फारसं आत घेत नाही. म्हणून मिरी. मिरीतल्या पायपरीननं रक्तातलं करक्युमिन २० पट वाढतं हे १९९८ मधे बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजनं दाखवलं आणि तेव्हापासून हळदीच्या निम्म्या बाटल्यांवर मिरी आली. पण शरीर जे आत घेत नव्हतं ते जबरदस्तीनं वीसपट आत ढकलायचं याची दुसरी बाजूही आहे ना. अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या लिव्हरच्या इजेची नोंद ठेवणारं एक नेटवर्क आहे, त्यांनी २०२२ मधे हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेले १० पेशंट मांडले. पाच जणांना ॲडमिट करावं लागलं, एक दगावला. १० पैकी ७ जणांत एक ठराविक जीन सापडला, एचएलए बी ३५:०१. आणि गंमत बघा, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टनं लिव्हर बिघडलेल्यांमधेही बहुतेकांत हाच जीन. तुमच्या पार्सलात या दोन्ही वस्तू आहेत. हे दुर्मिळ आहे, घाबरवत नाहीये, आमटीतल्या हळदीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पण लिव्हर सुधारायला म्हणून घेतलेली गोष्ट लिव्हरलाच त्रास देऊ शकते हे बाटलीवर कोणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

ग्रीन टी. कपात उकळून प्यायचा असेल तर खुशाल प्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मधे हिशोब मांडला की चहा पिणाऱ्याच्या पोटात दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) जातं आणि त्याची काळजी नको, पण सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसतात.

मिल्क थिसल म्हणजे सिलिमारिन. यातल्या त्यात सरळ गडी, सहसा त्रास देत नाही. पण मलेशियातल्या एका चांगल्या ट्रायलमधे ९९ पेशंटपैकी निम्म्यांना ४८ आठवडे दिलं, दिवसाला तीन वेळा ७०० मिलिग्रॅम, आणि जे मुख्य माप ठरवलं होतं त्यात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) ठळक फरक पडला नाही. फायब्रोसिसमधे (लिव्हर कडक होण्यात) मात्र थोडी आशा दिसली, म्हणून विषय पूर्ण संपलाय असंही म्हणवत नाही.

रेस्वेराट्रॉल विसरा. ऑस्ट्रेलियात जाड्या पुरुषांना रोज ३ ग्रॅम देऊन पाहिलं, आठ आठवड्यांत चरबी जागची हलली नाही आणि एसजीपीटी उलट वाढला.

बर्बेरिन, आपल्या दारुहळदीत असतं ते, याचा चीनमधला एक अभ्यास खरंच बरा आहे. १६ आठवड्यांत नुसत्या आहार-व्यायामानं लिव्हरची चरबी ३६ टक्के उतरली तिथे बर्बेरिन जोडल्यावर ५२ टक्के. पण वाचताना लोक ५२ बघतात आणि ३६ सोडून देतात! शिवाय बर्बेरिन बऱ्याच औषधांच्या रस्त्यात येतं, त्यामुळे बीपी, कोलेस्टेरॉल किंवा शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

एकत्र द्यायचं का याचं उत्तर नाही. काही झालं तर कशानं झालं हेच कळणार नाही.

वैद्य_अपर्णा

अण्णांनी हळदीचं छान लिहिलंय. आयुर्वेदाकडून थोडं. गुळवेलीवर आता सगळे तुटून पडतील म्हणून आधीच सांगते. २०२१ मधे मुंबईतून सहा पेशंटचा पेपर आला तेव्हा आयुष मंत्रालयानं हरकत घेतली होती की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. आणि हे खरं आहे की कोविडात ज्याच्या कुंपणावर जी वेल दिसली ती त्यानं उकळून प्यायली, प्रकृती नाही, मात्रा नाही, किती दिवस घ्यायचं याचा पत्ता नाही. आमच्याकडे कुठलाच काढा वर्षानुवर्षं रोज घ्यायला सांगत नाहीत. शास्त्राचं नाव आणि वापर व्हॉट्सॲपचा असं झालंय.

भुईआवळा आणि कुटकी यांची कीर्ती काविळीतली. चरबीसाठी आम्ही आधी मेद (चरबी) आणि अग्नी (पचनशक्ती) बघतो, तिथे लंघन (हलकं, कमी खाणं), व्यायाम, जव, मूग, ताक हे पहिलं, द्रव्य नंतर.

फार्मसीवाला_अण्णा

वैद्यबाई, शेवटच्या वाक्याशी हजारदा सहमत. गुळवेलीबद्दल मात्र अडतं. २०२२ मधे देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ पेशंट एकत्र मांडले गेले, नुसता एका शहराचा किस्सा राहिलेला नाही. त्यात बऱ्याच जणांचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तो आजार) होतं, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण गुळवेलीचा जो गुण आपण कोविडात डोक्यावर घेतला, प्रतिकारशक्ती जागी करणं, तोच ज्यांच्या शरीरात असा आजार दबून बसलाय त्यांच्या मुळावर येऊ शकतो. मुग्धाताईंच्या घरी एसजीपीटी ६२ आहे. तो चरबीमुळे की काढ्यामुळे हे काढा चालू असताना कोण सांगणार? पुढच्या तपासणीआधी बंद केला तरच आकडा वाचता येईल.

भुईआवळ्याचं म्हणाल तर १९८८ मधे मद्रासहून लॅन्सेटमधे आलेल्या अभ्यासात हिपॅटायटिस बी च्या ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेल्याचं छापलं होतं, जगभर खळबळ. नंतर इतरांनी करून पाहिलं तर तसं येईना. आणि तो विषाणूचा आजार, हा साखरेचा आणि पोटाचा. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

वैद्य_अपर्णा

तपासणीआधी बंद करावा हे मान्य. आणि आरोग्यवर्धिनी कोणी सुचवायच्या आत सांगते, त्यात कुटकीबरोबर पारद-गंधकाची कज्जली (पारा आणि गंधक खलून केलेली काळी भुकटी) आणि ताम्रभस्म (तांब्याचं भस्म) असतं, दुकानातून स्वतःच्या मनानं आणून खायची वस्तू नाही ती.

वाळवंटातला_कोकणी

मी इस्रायलमधे बीरशेवाला असतो, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन). इथे जवळच दिमोना म्हणून गाव आहे, आपले मराठी बोलणारे बेने इस्रायली (कोकणातून तिकडे गेलेले ज्यू) मोठ्या संख्येनं तिथे राहतात, भेळ-जिलबीसकट सगळं मिळतं. त्याच दिमोनात या विषयावरची एक चांगली ट्रायल झाली, अणुसंशोधन केंद्रातल्या कर्मचाऱ्यांवर, कारण दुपारचं जेवण सगळ्यांचं तिथल्याच कँटीनमधे, त्यामुळे कोण काय खातंय यावर लक्ष ठेवता येतं. २९४ माणसं, १८ महिने, तीन गट. एकाला नेहमीचा आरोग्याचा सल्ला, एकाला मेडिटरेनियन आहार आणि रोज मूठभर अक्रोड, २८ ग्रॅम. तिसऱ्याला त्यावर आणखी ग्रीन टीचे ३-४ कप आणि मांकाई नावाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक हिरव्या वनस्पतीचा शेक, आणि लाल मांस जवळजवळ बंद. व्यायाम तिघांनाही सारखाच. सुरुवातीला एकूण ६२ टक्के लोकांना फॅटी लिव्हर होतं. शेवटी पहिल्या गटात ५४.८, दुसऱ्यात ४७.९ आणि तिसऱ्यात ३१.५ टक्के. एमआरआयनं मोजलेलं हे, सोनोग्राफीवरचा अंदाज नाही.

मला यात महत्त्वाचं वाटलं ते हे की पॉलिफेनॉल (वनस्पतींतले तुरट-कडसर घटक) वाढवले पण कॅप्सूलमधून नाही, पानं, चहा आणि अक्रोडातून, आणि काहीतरी काढून त्या जागी घातले. आधीच्या ताटावर वरून चमचाभर औषध असं नाही ते. पॉलिफेनॉलनं किती काम केलं आणि मांस सोडल्यानं किती, हे मात्र या ट्रायलमधून सुटं करता येत नाही. मुग्धाताईंच्या घरी मांस नाहीच, मग त्यांनी काय काढायचं? माझ्या मते मैदा, साबुदाणा, पोह्यावरची शेव आणि तो चहा.

कोकम_आगळ

मांकाई कुठून आणायची बाई आम्ही 😀 आपल्याकडे मेथी, शेवग्याचा पाला, अंबाडी, राजगिरा काय कमी आहे का. नाचणीच्या सालीत पॉलिफेनॉल भरपूर असतात म्हणून भाकरी करा, नाचणीची बिस्किटं आणू नका, मागे छापलेलं वाचलंत तर पहिला मैदा, मग साखर, मग तेल आणि नाचणी शोधावी लागते.

आणि आमच्या कोकमाचं पण सांगते. वजन उतरवायच्या कॅप्सूलमधे गार्सिनिया कँबोजिया असतं ना, ते कोकमाचं सख्खं भावंड, त्याच्या अर्कानंही लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत, तेव्हा कोणी दीर-नणंद ते पाठवेल तर घेऊ नका. आमटीतली चार आमसुलं काही करत नाहीत. पण अमृत कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाकच, उन्हाळाभर रोज दोन ग्लास पिऊन "नैसर्गिक आहे" म्हणणारे आमच्याच घरात आहेत. आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस), पाणी, मीठ, जिरं एवढ्यावर प्या. सोलकढीत नारळाचं दूध असतं, रविवारी ठीक.

मुग्धा_नाशिक

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. चहाचं विचारलंत तर ऑफिसात मशिनचा चहा, आधीच साखर घातलेला, पाच कप तरी होतात म्हणाले. घरचे दोन वेगळे. म्हणजे सात! मी आजवर फक्त घरचे दोनच धरत होते. पार्सल बाजूला ठेवलंय. दोन शंका राहिल्या. एक, चहाऐवजी कॉफी चालेल का, कॉफी लिव्हरला चांगली असं वाचलं. आणि मुलाचं राहिलंच की.

बिनसाखरेचा

मशिनमधे "प्लेन टी" किंवा "हॉट वॉटर"चं बटण असतं बहुतेक, बघायला सांगा.

फार्मसीवाला_अण्णा

कॉफी चालेल. या यादीत लिव्हरच्या बाजूनं सातत्यानं आकडे येणारी वस्तू तीच आहे. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-नोंदींच्या संग्रहातल्या जवळपास ४ लाख ९५ हजार लोकांच्या माहितीवर २०२१ मधे अभ्यास आला, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरच्या जुनाट आजारांचा धोका २१ टक्के कमी आणि त्यानं होणारे मृत्यू ४९ टक्के कमी, दिवसाला ३-४ कपांपर्यंत फायदा वाढत गेलेला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कॉफी देऊन केलेला प्रयोग नाही, तेवढं मीठ लावून घ्या. आणि ती बिनसाखरेची, दूध असलंच तर थोडं. फेसाळ कॅफेवाली आणि वर चॉकलेट, ती मिठाई. ॲसिडिटी, धडधड किंवा झोपेचा त्रास असेल तर मुद्दाम सुरू करू नका.

मुलाला कुठलाच अर्क, काढा, कॅप्सूल नाही. मुलांमधला एक सुंदर अभ्यास आहे, २०१९ चा अमेरिकेतला. फॅटी लिव्हर असलेली ११ ते १६ वयाची ४० मुलं, निम्म्यांच्या जेवणातली वरून घातलेली साखर आठ आठवडे जवळजवळ शून्यावर आणली, एकूण कॅलरीच्या ३ टक्क्यांच्या आत. त्यांच्या लिव्हरमधली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली, नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून २०. आणि ते जमवलं कसं तर जेवण फक्त त्या मुलाचं बदललं नाही, अख्ख्या घराचं बदललं. मुलासमोर डबाभर बिस्किटं ठेवायची आणि त्याला नको म्हणायचं असं नाही केलं. तेव्हा तुमच्या घरी दोघांसाठी वेगवेगळं काही करूच नका. पॅकबंद ज्यूस, बोर्नव्हिटासारख्या पावडरी, सॉस, गोड दही हे घरात येणंच थांबलं तर बापलेक दोघांचं काम होईल. फळ चावून खाऊ द्या, रस काढून नको. वाढीचं वय आहे त्यामुळे उपाशी ठेवायचं नाही, बालरोगतज्ज्ञांना एकदा वजन-उंचीचा तक्ता दाखवा.

मुग्धा_नाशिक

हे जमण्यासारखं आहे. आता खरा कठीण प्रश्न, काढा बंद करायचा हे सासूबाईंना कोणी सांगायचं? 🙈 पाच वाजता उठून करतात हो त्या, मला तर तोंड उघडायची सोय नाही.

वैद्य_अपर्णा

तुम्ही सांगूच नका. मिस्टरांना सांगू दे, आणि "डॉक्टर म्हणाले" नको, "वैद्य म्हणाल्या" असं सांगू दे, की परत तपासणी होईपर्यंत काढा थांबवायचा, नाहीतर रिपोर्टमधे गडबड होते. यात खोटं काही नाही, मी म्हटलंच आहे. आणि पाच वाजता उठायची सवय मोडू नका त्यांची, त्या वेळात मुलाच्या डब्याची मेथीची भाकरी आणि मटकीची उसळ त्यांच्या हातची होऊ दे. काढा तपासणीच्या जेमतेम आठवडाभर आधी बंद करून लगेच एसजीपीटी काढू नका मात्र, डॉक्टरांना तो किती वर्षं चालू होता ते सांगा आणि परत कधी करायचं ते त्यांनाच विचारा. मागच्या वेळी डॉक्टरांना काढ्याचं सांगितलं होतंत का?

मुग्धा_नाशिक

नाही. त्यांनी "काही औषधं चालू आहेत का" विचारलं, हे म्हणाले "काही नाही". उद्याच फोन करायला लावते.